गवताचा गोतावळा

साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानाच्या गावात उन्हाळा लागला की ढोरांपुढे तणीस पडते. तिने पोट भरते, अंगी लागत नाही. हिरवा चारा म्हणजे नेपियर, असे हल्ली सर्वत्र ऐकू येते. पण त्याला पाणी हवे, खत हवे, म्हणजे विहीरवाल्याच्याच गोठ्यात ते जाणार. आमचे मन ओढ घेते ते भंडाऱ्याच्या सामाईक चराऊ रानांकडे. यांपैकी बऱ्याच जमिनी महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनच मानले. तेव्हा वनखात्याची संमती आधी, हे ओघाने आलेच.

शेडा, पवना, मारवेल ही बहुवर्षायू गवते माती धरून ठेवतात. सोबतच्या शेंगवर्गीय वेली मुळांवरील गाठींतून हवेतला नत्र जमिनीस देतात. एक सुकले तरी दुसरे तगते. अतिचराईने गोड गवत आधी संपते आणि तरोटा माजतो.

मेळघाटात डॉ. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाखाली तण उपटून स्थानिक गवतांची कुरणे उभी राहिली. पण ती वन्यजीवांसाठी. येथे गावाची ढोरे आहेत. बी पडून रुजायचे तर दोन पावसाळे मोकळी चराई थांबवावी लागेल आणि पहिला उपास भूमिहीन विधवेच्या एकुलत्या गाईस घडेल.

पाच हजारांना जेवू घालताना प्रभूने लोकांना गवतावर बसविले. ते हिरवे होते, हे एकट्या संत मार्कने नोंदविले आहे. त्या पंगतीतून कोणी उपाशी उठला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चराई बंद असताना बी झडल्यावर विळ्याने कापलेला पहिला भारा त्या विधवेच्या दारी पडावा, दुभत्या म्हशीवाल्यांचा नंतर.