सूर्यास्ताच्या आत घर : पुण्यात कार्यालयाची जागा शोधताना

पुण्याच्या जुन्या वस्तीतील अनेक पेठांना आठवड्याच्या वारांची नावे आहेत. कसबा ही सर्वांत जुनी. तिच्या अवतीभवती सोमवार, मंगळवार, बुधवार, रविवार अशा पेठा वसत गेल्या. पेठ म्हणजे मुळात बाजाराची वस्ती. राज्यकर्त्यांनी जागा आखून द्यावी, व्यापाऱ्यांना तेथे बोलावून घ्यावे आणि व्यापाऱ्याने खाली दुकान व वर बिऱ्हाड थाटावे, अशी ती रीत होती. कसब्यातील तांबट आळी किंवा रविवारातील बोहरी आळी आजही त्या रीतीची आठवण देते. गादीवरून उठलेला माणूस जिना चढला की घरी पोहोचत असे. त्यामुळे सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी कसे होणार, हा प्रश्न त्या काळी कोणत्याही जैन पेढीला पडला नसावा.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या एका कुटुंबापुढे मात्र हा प्रश्न २०२४ च्या दिवाळीनंतर उभा राहिला. शेठजींचा मुलगा आणि सून गेली तीन वर्षे पेढीच्या पोटमाळ्यावर बसून किरकोळ दुकानदारांसाठी हिशेबाची व मालसाठ्याची संगणकप्रणाली तयार करीत होते. सुरुवातीला तिघे असलेली मंडळी आता चौदा झाली. पोटमाळ्यावर चौघांच्या वर कोणी नीट बसू शकत नव्हते. नवी जागा घेणे भाग होते.

जागा विकत घेण्याइतके भांडवल नव्हते आणि पागडीची जागा नको होती. म्हणून को-वर्किंगचा विचार पुढे आला. एखादी संस्था संपूर्ण मजला भाड्याने घेते, टेबल-खुर्च्या, वीज, इंटरनेट, बैठकीची खोली व स्वच्छता यांची सोय करते आणि माणशी मासिक भाड्याने जागा देते. अनामत रक्कम काही महिन्यांच्या भाड्याइतकी असते. मात्र बहुतेक करारांत ठरावीक महिने जागा सोडता येत नाही, अशी अट असते. म्हणजे निवड चुकली तर ती चूक निदान काही महिने सोसावी लागते.

मुलाच्या मनात बाणेर होते. काचेच्या उंच इमारती, नव्या उद्योगांची वर्दळ आणि भेटीस येणाऱ्यावर पडणारी छाप ही त्याची कारणे होती. शेठजींना वाटे की यार्डाच्या आसपासच एखादा मजला बघावा; घरची माणसे डोळ्यांसमोर राहतात. सुनेने दोघांचेही ऐकून घेतले आणि एका कागदावर चौदा जणांचे पत्ते लिहून काढले. बिबवेवाडी, मार्केट यार्ड, सॅलिसबरी पार्क या भागात पाच जण, कोथरूड-वारज्यात तीन, पिंपरी-चिंचवडमध्ये तीन, येरवडा व नगर रस्त्यावर दोन, आणि हडपसरला एक. या यादीतील पाच दक्षिणवासी जैन कुटुंबांतील होते. त्यांपैकी दोघींचा, म्हणजे स्वतः सुनेचा आणि हिशेब तपासणाऱ्या एका तरुण मुलीचा, बारा महिने चौविहार असे. इतर तिघे निदान चातुर्मासात तो पाळत.

एका दिवसाचे भाडे भरून बसण्याची सोय अशा बहुतेक ठिकाणी असते. सुनेने सुचवले की प्रत्येक भागात चार-पाच जणांनी एक पूर्ण दिवस काम करावे आणि संध्याकाळी रोजच्याच साधनांनी घरी परतावे. जागा दुपारी पाहून कळत नाही, ती परतीच्या वाटेवर कळते, असे तिचे म्हणणे होते.

पहिला दिवस हिंजवडीचा होता. राजीव गांधी इन्फोटेक पार्कने एका खेड्याचे रूप पार पालटले आहे. रुंद रस्ते, मोठमोठ्या कंपन्यांची आवारे आणि त्यांतून वाट काढणाऱ्या बसगाड्यांच्या रांगा. पाहिलेल्या सर्व जागांत भाडे येथेच सर्वांत कमी होते. शिवाजीनगरपर्यंतच्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोमार्गाचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे होते, पण त्यावरून गाडी धावत नव्हती. पाच वाजता मंडळी निघाली. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वाकडच्या पुलाजवळच बराच वेळ गेला आणि सूर्य मावळला तेव्हा गाडी चांदणी चौकाच्याही अलीकडे होती. हिशेब तपासणारी मुलगी घरी पोहोचली ती सात वाजून गेल्यावर. तिच्या आईने ताट झाकून ठेवले होते. त्या रात्री तिने पाणीही घेतले नाही आणि दुसऱ्या दिवशी नवकारसी झाल्यावर मुख शुद्ध केले. कार्यालयात तिने याचा उच्चार केला नाही. सुनेला मात्र सांगावे लागले नाही, कारण तिच्याही घरी तेच घडले होते.

दुसऱ्या दिवशी बाणेर-बालेवाडी झाले. जागा खरोखरच सुरेख होती आणि पिंपरी-चिंचवडच्या तिघांना ती फार सोयीची वाटली. बिबवेवाडी, येरवडा व हडपसरकडे परतणाऱ्यांची मात्र वाट लांबली. आणखी एक गोष्ट लक्षात आली. सामायिक भोजनकक्षात अन्न गरम करण्याचे एकच यंत्र होते आणि त्यात सर्व प्रकारचे अन्न गरम केले जाई. यात कोणाचा दोष नव्हता. सामायिक जागेचा तो स्वभावच आहे. पण जागा घेण्यापूर्वी डब्यासाठी वेगळा कोपरा मिळेल का, हे विचारून घ्यावे, एवढे त्या दिवशी कळले.

तिसऱ्या दिवशी मंडळी शहराच्या पूर्वेला गेली. वनाझ ते रामवाडी हा मेट्रोमार्ग मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पूर्ण झाला होता. कल्याणीनगरला स्थानक असल्याने तेथवरचा प्रवास सुखाचा होता. खराडीकडे जाण्यासाठी मात्र रामवाडीला उतरून बस किंवा रिक्षा घ्यावी लागे आणि नगर रस्त्याची गर्दी चुकत नसे. येरवड्याच्या दोघांना हा भाग पसंत पडला, पण उरलेल्यांना तो एका टोकाचा वाटला.

चौथा दिवस शेठजींच्या इच्छेने मार्केट यार्डाजवळच्या एका मजल्यावर गेला. दक्षिणेकडील पाचही जण पायी वा दुचाकीने आले. परंतु इमारतीत उद्वाहन नव्हते, इंटरनेटची एकच तार होती आणि ती तुटली की चौदा जणांचे काम थांबणार होते. मालमोटारींच्या आवाजात दूरध्वनीवर दुकानदारांची अडचण समजून घेणे कठीण जाई. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा शेठजींनी वाचला.

त्या रात्री शेठजींनी एक जुनी गोष्ट सांगितली. घाऊक भुसार बाजार नाना व भवानी पेठांतून गुलटेकडीला हलला, तेव्हा त्यांच्या वडिलांची पेढीही हलली होती. नव्या गाळ्यात ऊन-वारा मुबलक होता, मालमोटार थेट दारात लागत होती. तरीही कित्येकांचा पाय पेठेतून निघेना. जे लवकर पण एकटे आले, त्यांचा माल काही काळ पडून राहिला. हमाल, तोलणार, अडते आणि गिऱ्हाईक बरोबरीने आले, तेव्हाच यार्ड जिवंत झाले. एवढे सांगून ते मुलाला म्हणाले, “गिऱ्हाईक जिथे येतं तिथे पेढी असावी. तुमचं गिऱ्हाईक बारामतीला, सोलापूरला आपापल्या दुकानात बसून फोनवर बोलतं. ते तुमच्या दारी येतच नाही. मग रोज तुमच्या दारी येतं कोण? काम करणारी माणसं. त्यांना सोयीचं असेल तिथे बसा. ते यार्ड असो वा नसो.”

मुलाने बाणेरचा हट्ट सोडला, तो याच बोलण्याने. वडिलांनी स्वतःची इच्छा आधी बाजूला ठेवली होती.

पाचव्या दिवशी मंडळी शिवाजीनगरला गेली. येथील सिव्हिल कोर्ट स्थानकात पुणे मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना मिळतात. पिंपरी-चिंचवडहून येणारा मार्ग येथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे, तर वनाझ-रामवाडी मार्ग त्याच्या डोक्यावरून उन्नत जातो. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. कसबा, मंडई आणि स्वारगेट ही त्यावरची स्थानके. ज्या पेठांच्या गल्ल्यांतून चालायलाही जागा मिळत नाही, त्यांच्याच खालून गाडी काही मिनिटांत पार होते. पिंपरीची मंडळी थेट आली, कोथरूडची वनाझच्या बाजूने, येरवड्याची रामवाडीच्या बाजूने. हडपसरच्या एकाला मात्र बस चुकली नाही.

त्या संध्याकाळी मंडळी पाच वाजून दहा मिनिटांनी निघाली. स्वारगेटला उतरून रिक्षा केली आणि पावणेसहाच्या सुमारास ती मुलगी बिबवेवाडीत घरी पोहोचली. दारातून आत येताच तिने घड्याळाकडे पाहिले आणि मग शांतपणे हातपाय धुतले. ताट झाकून ठेवण्याची वेळ आली नव्हती.

अडचण उरली ती भाड्याची. शिवाजीनगरची जागा माणशी हिंजवडीच्या दीडपट पडत होती आणि चौदा जागा परवडत नव्हत्या. शेवटी दहा जागा घ्याव्यात आणि पेढीचा पोटमाळा चौघांसाठी तसाच ठेवावा, असे ठरले. दक्षिणेकडील पाच जणांपैकी चौघांनी पाळीपाळीने तेथे बसायचे. शेठजींनी पोटमाळ्यावर इंटरनेटची दुसरी तार आणि एक नवा पंखा बसवून घेतला.

करारावर सही करण्यापूर्वी सुनेने काही गोष्टी लेखी मागितल्या. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत हा पत्ता दाखवण्यास जागेच्या चालकाचे ना-हरकत पत्र; भाड्यावरील १८ टक्के कराची वजावट मिळावी म्हणून कंपनीच्या नावे व क्रमांकासह पावती; वाहनतळाचे व बैठकीच्या खोलीचे शुल्क वेगळे की भाड्यातच; वातानुकूलन किती वाजेपर्यंत चालू राहते; जागा सोडताना किती दिवसांची सूचना द्यावी लागते; आणि अनामत किती दिवसांत परत मिळते. डब्यासाठी वेगळे कपाट व अन्न गरम करण्याचे वेगळे यंत्र ठेवण्यास चालकाने आनंदाने मान्यता दिली. त्याचा उपयोग पुढे इतर शाकाहारी मंडळीही करू लागली.

कामाची वेळ नऊ ते पाच ठरली. पुण्यात आषाढात सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तो सहावर येतो. म्हणजे एकाच चातुर्मासात संध्याकाळ सुमारे सव्वा तासाने आखडते. आषाढात सोयीची वाटलेली जागा कार्तिकात गैरसोयीची ठरू शकते. म्हणून जागेची परीक्षा हिवाळ्यात झाली हे बरेच झाले, असे सून म्हणे. या वेळेचा लाभ चौविहार न पाळणाऱ्यांनाही झाला. कोथरूडच्या एका सहकारी महिलेला पाळणाघर बंद होण्यापूर्वी मुलाला घेता येऊ लागले. पिंपरीच्या तरुणाचे वडील आजारी होते. संध्याकाळचे औषध तो स्वतः देऊ लागला.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंत भुयारी मेट्रो नेण्यास केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली असून त्या मार्गावर मार्केट यार्डाचेही स्थानक नियोजित आहे. ते झाल्यावर पोटमाळा आणि शिवाजीनगर एकाच गाडीने जोडले जातील. शेठजी त्या दिवसाची वाट पाहत आहेत. तोवर संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ते पेढीची वही मिटतात, जिन्याशी येतात आणि वर पोटमाळ्यावर हाक देतात, “चला रे, सूर्य थांबायचा नाही.” वरचे चौघे यंत्रे बंद करतात. त्याच वेळी सिव्हिल कोर्टाच्या सरकत्या जिन्यावरून दहा जण खाली-वर होत आपापल्या दिशेच्या गाडीकडे निघालेले असतात.