मैदानावरचा बाजार

आमच्या गावाचे मैदान शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच्या एका कडेला जुना वड आहे, आणि त्या वडाखाली वयनी बसते. मी या शाळेत रुजू झाले त्या दिवसापासून तिला तेथे पाहत आले आहे. समोर एक पाटी, पाटीत रसबाळी नाही तर साल्दाटी केळी, शेजारी तांबड्या भाजीच्या चार-सहा जुड्या आणि फडक्यावर मिरच्यांचे वाटे. तिचे खरे नाव निराळे आहे. पण वयनी म्हणजे वहिनी, आणि सारा गाव, शाळेतील लहान मुलेदेखील, तिला याच नावाने हाक मारतात. शाळा सुटल्यावर मी तिच्याकडून डझनभर केळी घेई, आणि ती डझनावर एक केळे घालून म्हणे, "हें बायेक." ते तेरावे केळे घरी पोचेपर्यंत क्वचितच शिल्लक राही.

२०२२ साली आम्ही काही मंडळींनी या मैदानावर आठवड्याचा बाजार सुरू केला. त्याची हकीकत या अंकासाठी लिहावी असा विद्यार्थ्यांचा आग्रह पडला. त्यांतील बरेच जण त्या उद्योगात सहभागी होते, तेव्हा खोटे लिहिण्याची सोय नाही.

निमित्त झाले ते आठवीच्या तासाचे. बोलता बोलता 'वायंगण' हा शब्द आला. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत हिवाळ्यात घेतात ते दुसरे पीक म्हणजे वायंगण. निम्म्या वर्गाला तो शब्दच ठाऊक नव्हता. भाजी कोठून येते, असे विचारता एक मुलगा चटकन म्हणाला, "बेळगावहून." त्याचे काही चुकले नव्हते. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावच्या ट्रकांतून उतरते, आणि फलोत्पादन महामंडळाच्या दुकानांतून आपण ती सवलतीच्या दरात घेतो. पण त्याच वर्गातील तीन मुलींच्या आया घरामागच्या मळ्यात मुळा, वांगी, मिरच्या पिकवीत होत्या आणि शुक्रवारी पहिल्या बसने म्हापशाचा बाजार गाठीत होत्या. दुसरीकडे २०२० नंतर गावाचे रूप पालटत चालले होते. दिल्ली-मुंबईची माणसे येऊन जुनी कौलारू घरे विकत घेत होती. कोठे अंगणाचा पोहण्याचा तलाव झाला, तर कोठे कुळागराच्या जागी चार मजले उभे राहिले. या मंडळींची भाजी टेलिफोनवरून मागविलेली येई. गावात पिकविणारा आणि गावात खाणारा यांची गाठ गावात पडतच नव्हती. ती पाडून द्यावी, एवढाच आमचा विचार होता.

आठवड्याचा बाजार गोव्याला काही नवा नाही. साखळीला सोमवारी, डिचोलीला बुधवारी आणि म्हापशाला शुक्रवारी बाजार भरतो, हे येथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण नव्याने बाजार भरवावयाचा म्हटले की अर्ज आले. मैदान कोमुनिदादीचे, म्हणजे गावकरीचे. गावकरीच्या या व्यवस्थेची नोंद पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत केली. मुळात ती त्यांच्याही पूर्वीची. एक अर्ज तेथे, दुसरा पंचायतीकडे. दोन्हीकडचे हेलपाटे सांगून वाचकांना कंटाळा आणीत नाही.

नोव्हेंबरातील एका रविवारी, दुपारी चार वाजता, चौदा विक्रेत्या मैदानावर बसल्या. आठवीच्या मुलांनी पुठ्ठ्यावर पाट्या लिहिल्या होत्या. आगशीची वांगी, सात शिरांचे भेंडे, मयंडोळी केळी. (या केळ्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही मुलांनी अभिमानाने खाली लिहिले होते.) नव्या वसाहतीतील एका गृहस्थाने मिरच्यांच्या वाट्याकडे पाहून किलोचा भाव विचारला. किलो कशाला, वाटा घ्या, असे विक्रेतीने सांगितले. किती ग्रॅम भरेल, असे त्याने पुन्हा विचारले. शेवटी तिने वाट्यावर आणखी मूठभर मिरच्या टाकल्या आणि तो प्रश्न निकालात निघाला. सातच्या आत सगळ्यांचा माल संपला. वयनी आपल्या नेहमीच्या जागी होती. त्या दिवशी तिनेही पाटी पालथी घालून झटकली.

चार महिन्यांत बाजाराचा लौकिक वाढला आणि तेथेच आमची बुद्धी फिरली. पाव, चीज, शहरी पद्धतीचे केक घेऊन लोक येऊ लागले. एका टेबलावर पावाची लादी तीनशे रुपयांना विकली जात असे, आणि त्याच वेळी आमचा पदेर सायकलचा भोंपू वाजवीत मैदानाच्या कडेने पोया घेऊन जाई. तो बिचारा थांबतही नसे. गर्दी वाढली तशी व्यवस्था हवी, म्हणून समिती झाली. व्यवस्था झाली तशी शिस्त हवी, म्हणून नियम झाले. समितीची चिटणीस मी. प्रत्येक जागेला दर रविवारी दोनशे रुपये सोपो. माल जमिनीवर न मांडता टेबलावर मांडावा. वडाची सावली खाद्यपदार्थांच्या टेबलांसाठी राखीव. बाजारात बसणाऱ्याकडून जागेचे जे भाडे घेतात त्याला आमच्याकडे सोपो म्हणतात. ते नियम मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून फलकावर लावले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पुढच्या रविवारी वयनी मैदानाच्या खालच्या अंगाला, गटाराजवळ बसलेली दिसली. त्यानंतरच्या रविवारी ती आलीच नाही. इतर दिवशीही वडाखाली कोणी नव्हते. ती आजारी असेल, असे मी मनाशी म्हटले. खरे कारण मला ठाऊक होते. तिची रविवारची विक्री जेमतेम साडेतीनशेची, हे मीच वहीत टिपले होते. मग एके दिवशी तिची नात, माझ्याच वर्गातील मुलगी, पाट्या लिहिण्याच्या वेळी उठून उभी राहिली आणि मान खाली घालून म्हणाली, "बाई, मी नाही लिहिणार." वर्ग चिडीचूप झाला. मी तिला कारण विचारले नाही.

त्या संध्याकाळी मी वयनीच्या घरी गेले. दाराशी दोन्ही बाजूंना बसावयाचे बांधीव बाक असतात, त्यांनाही आमच्या बोलीत सोपोच म्हणतात. तिने मला बाकावर बसविले आणि हसून म्हणाली, "हो सोपो फुकट, बाय."

मला उत्तर सुचले नाही. चहा झाला, नातीच्या अभ्यासाची चौकशी झाली. निघताना मी वडाखालच्या जागेचा विषय काढला. ती म्हणाली, "म्हजी मांय थंयच बसताली." तिची आई तेथेच बसत असे. तक्रारीचा सूर नव्हता. पावसाळ्यात पाऊस पडतो असे सांगावे, तसे तिने सांगितले.

घरी येताना मी हिशेब केला. म्हणजे निदान दोन पिढ्या त्या वडाखाली बाजार भरतच होता. एका पाटीचा का होईना. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली देशात कायदा झाला, त्यात 'नैसर्गिक बाजार' अशी एक संज्ञा आहे. विकणारे आणि घेणारे परंपरेने जेथे जमत आले, ती जागा. तो कायदा शहरांपुरता आहे, आमच्या गावाला लागू नाही. पण आम्ही ज्याला 'सुरू केला' म्हणत होतो, त्याला नाव अगोदरपासून होते, आणि मी एका फलकावर चार ओळी लिहून त्याला गटाराकडे सरकविले होते.

समितीच्या बैठकीत मी सुचविले की, आपल्या मळ्यातला माल पाटीत घेऊन जमिनीवर बसणाऱ्यांकडून सोपो घेऊ नये आणि वडाची सावली त्यांना सोडावी. मला वाटले होते, नवी मंडळी विरोध करतील. घडले उलटे. दिल्लीहून येऊन स्थायिक झालेल्या एका निवृत्त गृहस्थांनी पहिला पाठिंबा दिला, आणि कडाडून विरोध केला तो आमच्याच एका गावकाराने. "एकदा फुकट बसविले की मग गाव बसेल," असे त्याचे म्हणणे. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. बाजाराला झाडणे, पाणी, दिवे यांचा खर्च असतोच. अखेर तो खर्च टेबलवाल्यांवर टाकला, दोन मतांनी ठराव झाला, आणि पाववाले रागावून निघून गेले. मी फलक स्वतः काढला. नातीला सांगितले, आजीला कळव. तिने होकारार्थी मान हलविली. वयनी तरीही आली नाही. ती शुक्रवारी म्हापशाला जाते, एवढे कानावर आले.

२०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. तिच्या आधीच्या रविवारी, १७ तारखेला, माटोळीच्या सामानाने मैदान भरून गेले. कवंडळे, तोरिंगे, सुपारीची शिपटी, रानातल्या वेली. सकाळीच पावसाची सर येऊन गेली होती. मी पोचले तेव्हा वडाखाली वयनी बसली होती. कोणाला विचारले नव्हते, कोणाला सांगितले नव्हते. नात शेजारी बसून शिपटी लावीत होती, आणि कधी नव्हे ती गर्दी त्या कोपऱ्यात उसळली होती. नव्या वसाहतीतील एक बाई हातात कवंडळ घेऊन याची भाजी कशी करतात असे विचारीत होती. हे खावयाचे नसते, गणपतीच्या माथ्यावर बांधावयाचे असते, हे नात तिला समजावून सांगत होती. तेही हिंदीत, आणि बरेचसे चुकत.

गर्दी ओसरल्यावर मी पुढे झाले आणि डझनभर केळी मागितली. वयनीने ती मोजून दिली. मी पैसे दिले, तिने सुटे परत केले आणि चतुर्थीला घरी येण्याचे आमंत्रणही दिले. केळी पिशवीत ठेवताना मी नकळत मोजली. बारा होती.