पशुपतीच्या दारी, पण कोणत्या विमानाने?

आमच्या आईने उभ्या जन्मात स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही. गेल्या दिवाळीत मात्र फराळाची ताटे आवरता आवरता ती म्हणाली, "पशुपतिनाथाला एकदा जाऊन आले असते रे. तुझे वडील नेतो नेतो म्हणत गेले." आईचे वय एकोणऐंशी, आणि गुडघे दोन्ही कुरकुरणारे. 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणण्याची सोय नव्हती.

नेपाळ परदेश खरा, पण शेजारघरासारखा. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ असले की झाले. शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात, आणि हा भाव १९९३ पासूनचा आहे. चार दिवस जायचे, दर्शन घ्यायचे, परत यायचे. यात विचार तो काय करायचा, असे मला वाटले. मग चिरंजीवांनी फोनवर विमानांची यादी उघडली आणि पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय निघेना!

सर्वांत स्वस्त मार्ग असा : मध्यरात्री एका कंपनीच्या विमानाने दिल्ली, तिथे पाच तास बसायचे, आणि सकाळी दुसऱ्या कंपनीच्या विमानाने काठमांडू. दुसरा मार्गही दिल्लीवरूनच, पण एकाच कंपनीचा, एकाच तिकिटावरचा. तिसरा मुंबईहून थेट, तीन तासांच्या आत पोचवणारा आणि अर्थात सर्वांत महाग. पहिल्या आणि तिसऱ्यात चौघांचे मिळून अकरा हजारांचे अंतर. मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस. अकरा हजार मला झोपेतही दिसू लागले.

नेपाळच्या राष्ट्रीय कंपनीचाही विचार झाला. १९५८ साली डाकोटा विमानावर सुरू झालेल्या या कंपनीने पुढे मोठी एअरबस विमानेही घेतली. पण चिरंजीवांनी शोधून काढले की, २०१३ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने नेपाळच्या सगळ्याच विमान कंपन्यांना आपल्याकडे येण्यास मज्जाव केला होता. सौ. म्हणाली, "त्यातले मला कळत नाही. पण हे ऐकल्यावर मला विमानात डोळा लागायचा नाही." स्वस्थ झोप हीही हिशेबात धरण्याची गोष्ट आहे. तो बेत राहिला.

शेवटी मी स्वस्त मार्ग पक्का करून तसे जाहीर केले. कोणी काही बोलले नाही. आईने तेवढे विचारले, "दिल्लीला पाय पसरायला मिळतील ना रे?"

त्या रात्री सौ. कागद-पेन्सिल घेऊन बसली. दोन निराळी तिकिटे म्हणजे दिल्लीला सामान उतरवून घ्यायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या कंपनीला त्याचे सोयरसुतक नाही; तिकिटाचे पैसे बुडाले. आम्ही जाणार माघात. त्या दिवसांत सकाळी दिल्लीलाही धुके आणि काठमांडूच्या खोऱ्यातही धुके. त्यात विमानतळावरचे खाणे, अपरात्रीची टॅक्सी! बेरीज-वजाबाकी करता अकराचे पाच हजार उरले. "हे पाच हजार आईंच्या गुडघ्यांकडून वसूल करायचे का?" तिने विचारले. मी दिवा मालवला.

ठरले ते असे : जाताना भारतीय कंपनीचे थेट विमान, दुपारी उतरणारे, येताना दिल्लीवरून, पण एकाच तिकिटावर. तिकीट काढतानाच आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली आणि जागा डावीकडच्या खिडकीची घेतली. इकडून काठमांडूला जाताना हिमालय डाव्या हाताला दिसतो.

काठमांडूचा विमानतळ मूळ गाईगुरांच्या कुरणावरचा. म्हणून त्याला गौचर म्हणत. १९५५ साली त्याला राजे त्रिभुवन यांचे नाव मिळाले. उंची १,३३८ मीटर, भोवती डोंगरांचे कडे आणि धावपट्टी एकच. त्यामुळे विमानांना आकाशातच ताटकळावे लागते. आमचे विमानही अर्धा तास घिरट्या घालत राहिले. उतारू वैतागले, आई मात्र खिडकीला लागून बसली होती. ढगांच्या वर पांढरी शिखरे ओळीने उभी होती. तिने हात जोडले ते उतरेपर्यंत सोडले नाहीत.

दर्शनही निवांत झाले. बागमतीचा काठ, पॅगोड्याच्या घाटाची सोनेरी छपरे आणि आत चतुर्मुख शिवलिंग. बाहेर आल्यावर आई घाटाकडे पाहत एवढेच म्हणाली, "त्यांचेही झाले हो दर्शन."

परतताना काठमांडूलाच दोन तास उशीर झाला आणि दिल्लीचे पुढचे विमान निघून गेले. माझ्या पोटात गोळा आला. पण तिकीट एक होते. तिथल्या मुलीने काही न आकारता आम्हांला रात्रीच्या विमानात जागा दिल्या. आमच्याच विमानातून उतरलेला एक तरुण, कडेवर झोपलेले मूल, पलीकडच्या खिडकीशी नवी तिकिटे विकत घेत होता. त्याची तिकिटे निराळी होती. त्याच्या जागी मी उभा असतो आणि मागे खुर्चीत आई.

तेव्हा वाचकहो, शेजारच्या देशात जायचे असेल तर भाड्याचा आकडा जरूर पाहा. पण आधी घरातल्या सर्वांत थकल्या माणसाला विचारा, आणि मग यादी उघडा.

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. आम्ही सगळ्यांनी परत येताच घड्याळे मागे घेतली. आईने आपले अजून घेतलेले नाही. विचारले तर म्हणते, "राहू दे रे. देवाची वेळ आहे ती."