१२७ दात्यांचे चाक

जुना लेथ तीन पिढ्या टिकतो. त्याचे माहितीपुस्तक मात्र पहिल्याच पिढीत तेलाने माखून नाहीसे होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वर्कशॉपचे शटर आजोबांच्या पश्चात नातवाने उघडले, तेव्हा तेथेही हेच दिसले. यंत्र जागेवर होते, पण कंपनीची पाटी झिजून कोरी झाली होती. कोपऱ्यात सुट्या चेंज गिअरांचा ढीग पडला होता आणि दारात भंगारवाला उभा होता.

नातवाने खडूने खूण करीत प्रत्येक गिअरचे दाते मोजले. बहुतेक सारे पाचाच्या पटीतले निघाले. एकच चाक विजोड होते, १२७ दात्यांचे. दुसऱ्या कुठल्या यंत्राचे असेल असे समजून त्याने ते भंगारात टाकले.

मग पुस्तकाचा शोध सुरू झाला. असा शोध अनुक्रमांकापासून सुरू करावा लागतो. अमेरिकेच्या साउथ बेंड लेथवर तो बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला ठोकलेला असतो. येथेही रॉकेलने बेड पुसल्यावर आकडे उमटले. पण कंपनीचे नावच ठाऊक नसताना नुसते आकडे काय सांगणार? अखेर हाती आले ते साउथ बेंडचेच ‘हाउ टू रन अ लेथ’, १९०७ पासून पुनःपुन्हा छापले गेलेले. ते या यंत्राचे नव्हते. तरीही आटे पाडण्याच्या प्रकरणात त्याला १२७ हा आकडा भेटला.

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. ही मूळ संख्या असल्याने लहान चाकांच्या जोडणीतून ते गुणोत्तर तंतोतंत साधत नाही. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधीचे असे कित्येक लेथ इंचांतच विचार करणारे. या लेथच्या लीड स्क्रूला इंचाला चार आटे होते. त्यावर दीड मिलिमीटरचा आटा पाडायचा, तर स्पिंडलच्या बाजूला ३० दात्यांचे आणि लीड स्क्रूवर १२७ दात्यांचे चाक हवे. आजोबांनी हा हिशेब कुठे लिहून ठेवला नव्हता. ते चाक तेवढे जपले होते.

भंगारवाल्याकडून चाक परत आणताना नातवाला वजनापेक्षा जास्त पैसे मोजावे लागले, आणि ते योग्यच झाले.

पहिला आटा तरीही बिघडला. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना हाफ नट मध्येच सोडायचा नसतो. हत्यार मागे घेऊन मोटर उलटी फिरवायची आणि कॅरेज तसेच परत आणायचे. नट सोडून पुन्हा लावला की हत्यार जुन्या खाचेत बसेलच असे नाही. शेजारच्या वर्कशॉपमधील वृद्ध टर्नरने कामाचा तुकडा हातात घेऊन नखानेच दोन्ही खाचा दाखवल्या आणि विचारले, “नट सोडला होतास ना?”