आमच्याकडचे चहाचे मळे

चहाचे मळे पाहायचे म्हणून कोणी शिरूर-दौंडची वाट धरीत नाही. त्यासाठी आसाम आहे, निलगिरी आहे. आमच्या घोडनदीकाठी चहाचा मळा म्हणाल, तर न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेले गवती चहाचे एक बेट! पण चहा काय नुसत्या पत्तीचा होतो? त्याची निम्मी बाग दौंड तालुक्यात आहे. भीमेच्या आणि कालव्याच्या पाण्यावर तिथे ऊस उभा राहतो. केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळे पेटली, की रस्त्यालाही काकवीचा वास येतो.

गुळाच्या चहाचे शास्त्र निराळे. गुळात किंचित आंबटपणा असतो. दूध त्याच्याबरोबर उकळले की नासते. म्हणून आमच्याकडच्या बायका पत्ती, आले आणि गूळ आधी उकळतात, पातेले खाली उतरवतात आणि मग तापवलेले दूध वरून सोडतात. हे चुलीपुढे शिकलेल्या सुनेला रसायनशास्त्र वेगळे काय शिकवायचे!

हॉटेलातल्या चहाचा भूगोलही असाच. शिरूरला रेल्वे नाही. तिथला चहा एस.टी.च्या घाईचा, कंडक्टरच्या घंटीकडे कान लावून बशीतून फुरकायचा. दौंडला १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेला आणि गाव जंक्शन झाले. पुण्याहून आलेल्या गाडीचे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावीपर्यंत तिथे दोन चहा सहज होत.

माझे वडील शिरूर तालुक्यातलेच. कोणत्याही हॉटेलात चहा संपला, की ते उठून पेला विसळतात आणि पालथा घालून ठेवतात. पोऱ्या म्हणतो, "राहू द्या बाबा, आम्ही धुतो." ते नुसते हसतात. एकदा मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "हाताची सवय आहे रे."

राज्यघटनेने १९५० साली हॉटेलांची दारे सर्वांना उघडली. १९५५ साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा झाला. वडिलांचे लहानपण त्यानंतरचे. तरीही गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असे. मालक वरून चहा ओती. यांनी पैसे ओट्यावर ठेवायचे, बाहेरच प्यायचे आणि कपबशी आपली आपण विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायची. चहा मात्र आतल्याच किटलीतला. गूळही त्याच ढेपेचा.

आज माझे विद्यार्थी स्टेशनाजवळ मला आग्रहाने चहा पाजतात. तिघांत दोन पेले फिरतात, आणि कोणाचे आडनाव काय, हे कोणाच्या मनातही येत नाही. चहाने माणसे जवळ आणली, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण एकट्या किटलीला ते साधले नसते. गावोगावी कोणीतरी पहिल्यांदा कोनाड्यातली बशी तशीच ठेवून आतल्या बाकावर जाऊन बसला असेल. त्या दिवशी त्याच्या घशाखाली चहा उतरला की नाही, देव जाणे!

वाचकहो, यंदा फराळाबरोबर चहाचा पहिला घोट घ्याल, तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.