शेजारी कोण?

नौबाद (बीदर), १७ सप्टेंबर

आज सगळीकडे झेंडावंदन. १९४८ मध्ये याच दिवशी हैदराबाद संस्थानातली निजामाची राजवट संपली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे जुलूम इथे घरोघरी सांगतात. त्यानंतरचा विषय मात्र कुणी काढत नाही. निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. मृतांचा आकडा समितीच्या अंदाजानुसार २७ ते ४० हजार.

आम्ही ख्रिस्ती इथे मूठभर. गप्प राहणं सोयीचं, आणि त्यालाच आम्ही शांतिप्रियता म्हणतो. पण येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला टाळून पुढे गेलेले याजक आणि लेवी दोघेही धार्मिकच होते!

२०२२ मध्ये कर्नाटकात धर्मांतरविरोधी कायदा आला, तेव्हा शेजाऱ्यांनी आमच्या बाजूने दोन शब्द बोलावेत असं मनापासून वाटलं. मग त्यांच्यावर वेळ आली की मी का बोलू नये? मोठं हौतात्म्य कुणी मागत नाही. बाजारात कुणी एखाद्या समाजाला सरसकट दोषी ठरवलं, तर ‘हे खरं नाही’ एवढं तरी म्हणावं. तेही जमत नसेल, तर रविवारची उपासना निव्वळ सवय ठरते.