बाळंतिणीचा डोंगर

मार्चचा पहिला रविवार होता. कल्याणला पारनाक्याजवळ आईच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. ठाण्याहून दादा-वहिनी, डोंबिवलीहून आम्ही तिघं. दादाचा मुलगा दहावीच्या उरलेल्या पेपरांमधून तासाभराच्या बोलीवर आला होता. जेवणं झाली. आईने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, मेचं पान वर काढलं, ते सतरंजीवर मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "बोला, कुठे जायचं?"

आमच्याकडे उन्हाळ्याची सहल अशीच सुरू होते. बाबा होते तेव्हाही कॅलेंडर असंच खाली यायचं. गाव नंतर ठरायचं, तारखा आधी.

या वर्षी मात्र एक गोष्ट ठरूनच आली होती, ती म्हणजे डोंगर. ठरवली होती माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने. डोंबिवलीत आमच्या गच्चीवरून सकाळी मलंगगड दिसतो. हवा स्वच्छ असेल तर त्याचा सुळका कोरून काढल्यासारखा, नसेल तर नुसती राखाडी सावली. हिवाळ्यात एकदा पापड वाळत घालताना तिने विचारलं होतं, "आई, हा डोंगर पुढे कुठे जातो?" मी सांगितलं, याच्या मागे माथेरानची रांग, तिच्याही मागे सह्याद्रीची मुख्य भिंत. "आणि ती कुठे संपते?" मग मोबाइलवर नकाशा उघडून दोघी बसलो. तापीच्या काठापासून बोट खाली सरकवत नेलं. नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर, गोवा, कारवार, कुर्ग. थेट कन्याकुमारीजवळ सोळाशे किलोमीटरवर बोट थांबलं. वाटेत एका ठिकाणी उंचीचा आकडा होता, २,६९५ मीटर. अनामुडी. हिमालयाच्या दक्षिणेला भारतात याहून उंच शिखर नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणजे आपल्याच डोंगराचा माथा तिकडे आहे."

या वाक्यातून सहलीचा विषय निघाला. पण सतरंजीवर बसल्यावर प्रत्येकाचा डोंगर वेगळा निघाला. भाच्याला हिमालय हवा होता. त्याला उत्तराखंडातली फुलांची दरी बघायची होती. राष्ट्रीय उद्यान, जागतिक वारसा, सगळं त्याला पाठ होतं. दरीचं फाटक मात्र १ जूनला उघडतं आणि फुलं भरात येतात जुलै-ऑगस्टमध्ये. तोवर आमच्या शाळा सुरू होऊन महिना उलटलेला असणार. दादाने चांदोली सुचवलं. वारणेच्या खोऱ्यातलं हे आपल्या सह्याद्रीतलं राष्ट्रीय उद्यान २००४ सालचं. मन तिकडे ओढत होतं, पण मेच्या उन्हात एकाहत्तरीच्या आईला घेऊन तिथे फिरणं वहिनीला पटेना. "पावसाळा सरला की जाऊ, दिवाळीनंतर," असं ठरलं. राहिलं केरळातलं एराविकुलम, अनामुडीच्या खांद्यावर पसरलेलं.

एराविकुलमचंही स्वतःचं कॅलेंडर आहे. दरवर्षी साधारण फेब्रुवारी आणि मार्च हे उद्यान पर्यटकांसाठी बंद असतं. तिथल्या गवताळ उतारांवर नीलगिरी ताहर नावाचे रानबकरे राहतात. आखूड पाय, दणकट अंग, मागे वळलेली शिंगं. तमिळमध्ये त्यांना वरैयाडू म्हणतात, म्हणजे कड्यावरची शेळी. पश्चिम घाटाचा दक्षिणेकडचा भाग सोडला तर जगात कुठेही ते रानात आढळत नाहीत, आणि त्यांची सगळ्यांत मोठी वस्ती एराविकुलमलाच आहे. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या माद्या वितात. त्या दिवसांत माणसांची वर्दळ नको म्हणून वनखातं फाटक लावून घेतं.

मी हे वाचून दाखवत होते. आई पोळीचा डबा झाकता झाकता थांबली. "बरोबरच आहे की," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत कोण शिरतं? सव्वा महिना तरी जाऊ द्यावा. मग बाळंतविडा घेऊन जायचं, तेही विचारून."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. इतका वेळ आम्ही आमच्या सोयीच्या तारखा शोधत होतो. परीक्षा संपते कधी, रजा मिळते कधी, भाडं कमी कधी. आईने एका वाक्यात तो नकाशा फिरवून ठेवला. डोंगराच्याही घरात काही कार्य असतं, त्याच्याही काही तारखा असतात आणि पाहुण्याने त्या आधी विचारायच्या असतात. राष्ट्रीय उद्यान या शब्दाचा इतका साधा अर्थ मला त्याआधी कुणी सांगितला नव्हता.

आणि हे दार नेहमी असं राखलेलं नव्हतं, हेही खरं. इंग्रजी अमदानीत एराविकुलमशेजारी मुन्नारच्या आसपासचे उतार चहाच्या मळेवाल्यांच्या हाती गेले. झाडं तोडून चहा लावला गेला. वरच्या गवताळ पठारावर चहा लागेना, म्हणून ते त्यांचं शिकारीचं रान झालं. १९२८ साली त्यांनीच शिकारीला नियम घालणारी एक संस्था काढली आणि डोंगरातल्या मुदुवान आदिवासींना राखणीला ठेवलं. ज्यांनी बंदुकीने हे रान ओळखलं, त्यांनाच पुढे ते राखावंसं वाटलं. १९७१ साली कायदा करून केरळ सरकारने मळ्यांखाली न आलेली जमीन परत घेतली. १९७५ साली तिथे अभयारण्य झालं, १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ९७ चौरस किलोमीटर.

हा आकडा ऐकून दादा सावरून बसला. त्याच्या ठाण्याच्या घरामागे येऊरचा डोंगर आहे. येऊर म्हणजे आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, आणि ते उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर. दोन्ही रानं जवळपास सारख्या मापाची. एकाभोवती चहाचे मळे आहेत, दुसऱ्याभोवती आपण.

मग गाडीचा विषय निघाला. ठाण्याला नेत्रावती मिळते, कल्याणला मंगला. दोन्ही कोकण रेल्वेने खाली जातात आणि दोन्ही आलुव्याला थांबतात. तिथून मुन्नार सुमारे ११० किलोमीटर. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. म्हणजे १० मेची गाडी हवी तर ११ मार्चला सकाळी आठच्या ठोक्याला बसायला हवं. आईने पेन घेऊन मार्चच्या पानावर गोल काढला. मेच्या पानावर एक, जूनच्या पानावर दोन. साधारण १ जूनला पाऊस केरळात पोचतो, ११ जूनच्या सुमारास मुंबईत. त्याच्या आत परतायचं. आपण ज्या किनाऱ्याने घरी येऊ, त्याच किनाऱ्याने मागून पाऊस येणार, हे तिला फार आवडलं.

आता सांगायला हरकत नाही, ११ मार्चला आम्ही तीन घरी तीन मोबाइल घेऊन बसलो होतो आणि सात तिकिटं मिळाली. आईला खालचा बर्थ मिळाला. तिने त्याच दिवशी डाव्या खिडकीचा हट्ट धरला. तिचं म्हणणं रास्त होतं. दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डाव्या हाताला असतो. पनवेल सोडलं की दिवसभर तो सोबत चालेल. मध्ये करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात आपण त्याच्याच एका सोंडेच्या पोटात असू. भोर घाट चढून रेल्वे १८६३ साली देशावर पोचली, पण डोंगराच्या पायथ्याने दक्षिणेला जायला तिला १९९८ साल उजाडावं लागलं. बाबांच्या तरुणपणी हा प्रवासच नव्हता. रात्री झोपेत कारवार, मंगळूर जाईल. सकाळी केरळ. तिथे पालघाटची रुंद खिंड लागेल, सोळाशे किलोमीटरच्या भिंतीतला सगळ्यांत मोठा दरवाजा. तो ओलांडला की पलीकडे अनामुडीचे डोंगर.

एप्रिलच्या एका पहाटे आम्ही रंगीत तालीम केली. येऊरच्या फाटकावर नावं लिहून, शुल्क भरून आत गेलो. आईचे गुडघे किती साथ देतात ते बघायचं होतं आणि मुलांना जंगलात हळू आवाजात बोलायची सवय लावायची होती. उन्हाळ्याचं रान. पानगळ, धुळीचा रस्ता, कुठे एखादा पांगारा. वाटेच्या कडेने करड्या काड्यांचं दाट जंगल उभं होतं. मुलगी म्हणाली, "हे सगळं वाळून गेलंय." आई जवळ गेली, एका काडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही कारवी. आमच्या मुरबाडच्या घराच्या भिंती हिच्याच होत्या. कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप. याच काड्यांच्या आडोशाला मी वाढले."

कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. या उद्यानात ती २०१६ साली फुलली आणि मग २०२४ साली. डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, मधमाश्या तुटून पडतात, बी धरतं आणि ती पिढी वाळून जाते. मोकळ्या झालेल्या जागेत बियांतून पुढची पिढी उगवते आणि आठ वर्षं गप्प राहते. अनामुडीच्या उतारांवर तिचीच चुलत बहीण आहे, नीलकुरिंजी. दोघींचं शास्त्रीय घराणं एकच, स्ट्रोबिलँथस. कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. २०१८ साली ती फुलायच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, केरळात महापूर आला, मुन्नारचे रस्ते तुटले. बरीच माणसं पोचू शकली नाहीत, तरी फुलं फुललीच. आता २०३० साली.

मुलगी तिथेच धुळीत काडीने हिशेब करायला बसली. २०३० साली ती तेरा वर्षांची, २०३२ साली कारवी फुलेल तेव्हा पंधरा. तिने दादाचं वय लिहिलं, माझं लिहिलं, आणि आजीकडे बघितलं. आई हसून म्हणाली, "लिही, पंच्याहत्तर आणि सत्त्याहत्तर." तिने आकडे लिहिले. खालून रेघ ओढली. आम्ही कुणी काही बोललो नाही. डोंगराच्या कॅलेंडरमध्ये माणसाचं आयुष्य किती पानांचं असतं, ते त्या धुळीत दिसत होतं. कुरिंजी माणसाच्या वाट्याला पाच-सहा वेळा येते, त्यातही तब्येत, पैसा, रजा आणि पाऊस जुळला तर.

परतताना भाच्याने मला विचारलं, "आत्या, मग आपण मेमध्ये कशाला चाललोय? फुलं नाहीत, अनामुडीच्या माथ्यावर जाता येत नाही, आत फक्त वनखात्याच्या बसने जायचं आणि ठरलेल्या रस्त्यावरून चालायचं."

मी त्याला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. आता देते. आपण फुलण्याच्या दिवशी जात नाही, म्हणूनच जायचं. घर सजलेलं असताना सगळेच येतात. ज्या घराशी आपलं नातं असतं तिथे आपण सण नसतानाही जातो, ओसरीत बसतो, पाणी पितो आणि निघतो. मेमध्ये त्या उतारांवर हिरवं गवत असेल, घळींमध्ये शोलाचं बुटकं, दाट रान, धुकं वर चढत असेल. आणि जी पिल्लं फाटकाआड जन्मली, ती तोवर आईच्या मागे कड्यावर उड्या मारू लागलेली असतील. माथ्यावर जाता येत नाही हेही बरंच आहे. देवघराचा उंबरा आपण बाहेरूनच शिवतो, त्याने देव लांब जात नाही.

सहलीच्या सामानाची यादी आता फ्रिजवर लागली आहे. स्वेटर सात, टोप्या सात, आईची गुडघ्याची पट्टी, पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या, गुळपोळ्या, मेतकूट. प्लॅस्टिकच्या पिशव्या नाहीत. यादीच्या तळाशी मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, "ताहरजवळ जायचं नाही. तो आपल्याजवळ आला तर उभं राहायचं."

कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या घराघरांत या दिवसांत अशीच कॅलेंडरं सतरंजीवर येत असतील. त्यांना एकच सांगणं आहे. डोंगराकडे निघायच्या आधी आपल्या तारखा बाजूला ठेवून त्याच्या तारखा विचारा. कोणत्या महिन्यात तिथे कोण विणार आहे, कोण फुलणार आहे, कोण विसावणार आहे. दार बंद असेल तर कुरकुर न करता परत फिरा, उघडं असेल तर हलक्या पावलांनी जा. आणि जमलं तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यांत लहान पोराला एकाच खिडकीशी बसवा. पुढची कुरिंजी २०३० साली आहे.